‘वय झालं’ म्हणण्याआधी

सून स्वयंपाकघरातून विचारते, ‘आई, साडी आली का?’ इस्त्रीवाल्याकडून यायची असते. बाहेरच्या खोलीतून सासूबाई उत्तर देतात, ‘नाही गं, अजून हॉर्न वाजला नाही.’ त्यांना ‘गाडी’ ऐकू आलेलं असतं. नातवाच्या शाळेच्या गाडीची वेळही तीच, त्यामुळे उत्तर अगदी शहाणपणाचं आहे. पण असं आठवड्यातून चारदा झालं की घरात कुजबुज सुरू होते: हल्ली आई काहीतरीच बोलतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘वय झालं आता.’ आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये म्हणून हा लेख. म्हातारपणी बुद्धी कशी चालते, कुठे मंदावते, कुठे अजिबात मंदावत नाही आणि कुठे तिच्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी आळ येतो, हे सावकाश पाहू. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो, पण आकडे तिच्या बाजूचे नाहीत. भारतात साठीच्या पुढच्या लोकांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे डिमेन्शियाचं, प्रमाण सुमारे ७.४ टक्के आढळलं. माणसं मोजली तर हा आकडा ८८ लाखांच्या घरात जातो आणि तो लहान नाही. पण साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी नव्वदांहून जास्त लोकांना हा आजार नसतो, हेही त्याच पाहणीतून दिसतं.

आधी आठवण कशी तयार होते ते पाहू. त्यात तीन कामं असतात. गोष्ट नीट आत यावी लागते, मग ती टिकावी लागते आणि हवी तेव्हा सापडावी लागते. विसरलं म्हटलं की आपल्याला दुसरं कामच बिघडल्यासारखं वाटतं. निरोगी म्हातारपणात ते बहुधा शाबूत असतं. मंदावतं ते तिसरं. शेजाऱ्याचं नाव जिभेवर असतं पण येत नाही, आणि अर्ध्या तासाने भाजी चिरताना आपोआप आठवतं. याचा अर्थ नाव आत होतंच, शोधायला वेळ लागला. मेंदूचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू कमी होत असतो. एका वेळी दोन कामं करणं, गोंगाटात लक्ष धरणं अवघड होतं. शब्दसंग्रह मात्र साठी-सत्तरीपर्यंत वाढत राहू शकतो, आणि आयुष्यभर केलेल्या कामाचं कौशल्य, माणसं ओळखण्याची पारख यांना वयाचा धक्का फार कमी लागतो.

आणि पहिलं काम, म्हणजे गोष्ट आत येणं? इथेच आपण सर्वांत कमी लक्ष देतो. म्हणून कानाबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

आतल्या कानात सूक्ष्म केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. वयाबरोबर त्या झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. झीज सुरू होते ती उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींपासून. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, अर्थ बराचसा व्यंजनांत. त्यामुळे ‘साडी’तला ‘स’ गळतो, ‘आडी’ उरतं आणि मेंदू प्रसंग पाहून ‘गाडी’ जोडून घेतो. म्हातारी माणसं म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ ती तक्रार शब्दशः खरी आहे. ओरडून बोलण्याने फायदा होत नाही, कारण ओरडल्यावर स्वर मोठे होतात आणि ‘स’ होता तिथेच राहतो. समोर येऊन, ओठ दिसतील असं, थोडं सावकाश आणि टीव्ही बंद करून बोललं तर निम्मं काम होतं.

कान आणि बुद्धीचा संबंध इथवरच थांबत नाही. गळलेली अक्षरं भरून काढायला मेंदूला सतत राबावं लागतं, आणि तो त्यात गुंतला की ऐकलेलं साठवायला ताकद कमी उरते. जेवताना सगळे हसले आणि आपल्याला का ते कळलं नाही, असं वारंवार झालं की माणूस हळूहळू बोलण्यातून बाजूला होतो. लग्नाला जाणं टाळतो, फोन दुसऱ्याच्या हातात देतो. मेंदूला मिळणारा संवादाचा रोजचा खुराक आटतो. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाचे, कमी ऐकू येणारे ९७७ लोक होते. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरायचं शिक्षण दिलं, निम्म्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून विचार केला तर दोन गटांत फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण श्रवणयंत्रामुळे सुमारे ४८ टक्के कमी झाली. हा निष्कर्ष अंतिम म्हणता येणार नाही. तरीही कान तपासून घेण्याइतका तो नक्कीच भक्कम आहे.

तपासणी साधी असते. डॉक्टर आधी कानातला मळ काढतात. कधी कधी तेवढ्यानेच काम भागतं. मग आवाजबंद खोलीत कानावर हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवतात आणि आलेख काढतात. यंत्र त्या आलेखाप्रमाणे लावून घ्यावं लागतं. दुकानातून आणून कानात घातलं आणि झालं, असं होत नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज असह्य वाटतो, कारण मेंदू ते आवाज विसरलेला असतो. इथेच बहुतेक यंत्रं डबीत जातात आणि डबी कपाटात. सुरुवातीला शांत घरात तास-दोन तास, एकाच माणसाशी बोलताना वापरायचं आणि वेळ हळूहळू वाढवायची. फार त्रास झाला तर परत जाऊन आवाज जुळवून घ्यायचा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था याच कामासाठी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, काठी मोफत मिळू शकते. कवळी आणि चष्मा यांचीही गणती इथे करायला हवी. ज्याला दिसत नाही तो वाचत नाही, आणि ज्याला चावता येत नाही तो पोषक खात नाही.

‘लॅन्सेट’च्याच तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या आवाक्यात आणता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. कमी ऐकू येणं त्यात आहे. उपचार न केलेली अधू नजर त्या वर्षी नव्याने आली. बाकी यादी ओळखीची: रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, दारू, बैठी राहणी, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि लहानपणी कमी मिळालेलं शिक्षण. या सगळ्यांवर सारखं बोलत बसत नाही. एक मात्र सोडवत नाही, तो रक्तदाब.

मेंदूच्या आतल्या भागांना रक्त पोचवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, पोकळी अरुंद होते. काही ठिकाणी इतके बारीक झटके येतात की माणसाला कळतही नाही. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, फक्त मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणारे निरोप उशिरा पोचू लागतात. माणूस संथ होतो, ठरवलेलं काम सुरू करायला अडखळतो, आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. या सगळ्या काळात डोकं दुखत नाही, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणत गोळी बंद होते. २०१९ मध्ये आलेल्या एका अमेरिकी चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी काहींचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली, तर काहींचा १४० च्या खाली ठेवला होता. १२० वाल्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य घसरण सुमारे १९ टक्के कमी दिसली. मात्र ऐंशीच्या घरातल्या, उठताना चक्कर येणाऱ्या माणसाचा दाब किती खाली आणायचा हे डॉक्टरच ठरवतील. दाब फार उतरला तर माणूस पडतो, आणि पडणं हे स्वतंत्र संकट आहे.

ते कसं, तेही सांगतो. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. न्हाणीघरात पाय घसरून डोकं भिंतीला लागलं, टेंगूळ आलं, दोन दिवसांत बसलं. पण आत शीर तुटून रक्त थेंबाथेंबाने साचत राहतं. तीन-चार आठवड्यांनी माणूस पेंगुळलेला, गोंधळलेला दिसू लागतो. तोवर पडल्याचं सगळे विसरलेले असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. स्कॅन केला तर हे लगेच दिसतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने माणूस पूर्ववत होऊ शकतो. ‘वय झालं’ म्हणून घरी बसवला तर प्राण जाऊ शकतो.

गोंधळ उडवणारी आणि सुधारता येणारी आणखी कारणं आहेत. थायरॉईड कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, मधुमेहाच्या औषधाने साखर फार खाली जाणं. आपल्याकडे विशेष करून बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व मिळतं प्राणिजन्य अन्नातून, त्यामुळे शाकाहारी घरात दूध-दही कमी झालं की ते घटतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतलेली अ‍ॅसिडिटीची गोळी यांनी ते आणखी घटतं. कमतरता वेळेवर सापडली तर उपाय स्वस्त आणि सोपा आहे. फार उशीर झाला तर मात्र मज्जातंतूंचं सगळं नुकसान भरून निघत नाही.

औषधांचाही हिशेब घ्यायला हवा. सर्दीसाठी औषधवाल्याकडून आणलेली, झोप आणणारी गोळी, वारंवार लघवीसाठीचं औषध, कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून दिलेली आणि आजही चालू असलेली झोपेची गोळी. यांतल्या अनेक औषधांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं, स्मरण मंदावतं. डॉक्टरकडे जाताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर रिकामी करा. यातलं काय अजून लागतं, हा प्रश्न विचारा. गोळी मनाने मात्र बंद करू नका. झोपेची गोळी एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

आता जमेच्या बाजूकडे वळू. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये एका ख्रिस्ती संघातल्या जोगिणींचा अभ्यास सुरू केला. ७५ वर्षांपुढच्या ६७८ जणी त्यात सामील झाल्या. त्या दर वर्षी बुद्धीच्या चाचण्या देत आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी देत. एक जोगीण १०१ व्या वर्षापर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होती, आणि तिच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा मात्र ठिकठिकाणी सापडल्या. आजार मेंदूत होता, वागण्यात उतरला नव्हता. हे कसं घडतं, यासाठी शास्त्रज्ञ राखीव क्षमतेची कल्पना मांडतात. गावाला जायला चार वाटा असतील तर पुरात एक पूल वाहून गेला तरी बाजारहाट अडत नाही. शिक्षण, गुंतागुंतीचं काम, भाषा, माणसांची ये-जा यांतून मेंदूत अशा वाटा आयुष्यभर पडत जातात.

भाषांबद्दलचा एक मोठा अभ्यास आपल्या शेजारचा, हैदराबादचा आहे. डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी तिथल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला, म्हणजे तो फक्त शाळेचा परिणाम नव्हता. सगळ्याच अभ्यासांतून असा निष्कर्ष निघालेला नाही, हे सांगायला हवं. पण सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजीला नातवंडांशी केवळ इंग्रजाळलेल्या मराठीत बोलायला लावू नये, इतकं तरी मी त्यातून नक्की घेईन.

रोज शब्दकोडं सोडवलं तर बुद्धी शाबूत राहते का, असं हमखास विचारलं जातं. कोडं सोडवण्याने कोडं सोडवणं सुधारतं. चाळीस वर्षं तेच करत असाल तर ती आता सवय आहे, मेंदूला त्यात नवं काही नाही. थोडं जड जाईल, चुका होतील आणि सोबत माणसं असतील असं काहीतरी हवं. माझं मत विचाराल तर भजनी मंडळासारखी सोय दुसरी नाही. नवा अभंग पाठ करायचा, ताल धरायचा, दुसऱ्याचं ऐकून आपला आवाज मिसळायचा, आणि आठवड्यातून एकदा तरी नेसून-सावरून घराबाहेर पडायचं. ज्यांना भजनात गोडी नाही त्यांनी पत्ते, बुद्धिबळ, मोबाइलवर वीजबिल भरायला शिकणं, काहीही निवडावं.

चालणं मात्र कोणालाच चुकलेलं नाही. आठवणी घडवणारा मेंदूचा एक छोटा भाग, हिप्पोकॅम्पस, म्हातारपणी दर वर्षी एक-दोन टक्क्यांनी आक्रसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटं भराभर चालायला लावलं, निम्म्यांना फक्त ताण देण्याचे व्यायाम. वर्षाने चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे दोन टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा घटला होता. देवळापर्यंत रमत जाणं चांगलंच, पण बोलता येईल आणि गाता येणार नाही इतका वेग थोडा वेळ तरी हवा.

आता मनाबद्दल. म्हातारपण म्हणजे खिन्नपणा, हा समज चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या कामातून दिसतं की वयाबरोबर माणसं भावनांनी उलट जास्त स्थिर होतात. वेळ थोडा उरला हे जाणवतं तशी ती जवळच्या माणसांत आणि अर्थाच्या कामांत लक्ष घालतात. म्हणूनच म्हातारपणातलं नैराश्य ‘साहजिक’ मानू नये. ते रडत येत नाही. भूक नाही, पहाटे तीनला जाग, अंग दुखतं, कशात मन नाही, काही विचारलं तर ‘मला नाही माहीत’. स्मरणही इतकं मंदावतं की स्मृतिभ्रंशच वाटावा, आणि नैराश्यावर उपचार केले की परत येतं.

आपल्या घरांत प्रेमापोटी एक चूक होते. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर, एखाद्या आजारानंतर आपण म्हणतो, ‘तुम्ही काही करू नका, बसा.’ भाजी निवडणं जातं, बँकेत जाणं जातं, पाहुण्यांना काय करायचं हे ठरवणंही जातं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये एका वृद्धाश्रमात काही जणांना छोट्या छोट्या गोष्टी स्वतः ठरवू दिल्या आणि एक रोपटं सांभाळायला दिलं. इतरांची काळजी आश्रमानेच घेतली. तीनच आठवड्यांत पहिला गट जास्त जागा, जास्त आनंदी आणि माणसांत मिसळणारा दिसला. हात थरथरत असतील तर भाजी हळू निवडली जाईल, जाऊ द्या.

डॉक्टरकडे कधी जायचं? चष्मा कुठे ठेवला हे विसरलं तर नाही. रोजच्या वाटेवर चुकायला झालं, जन्मभर केलेल्या पुरणपोळीत पुढची पायरी सुचेना, तोच प्रश्न तासात पाचदा आला, पैशांचे व्यवहार बिघडू लागले, तर जायचं. ‘त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं’ यावर विसंबू नका. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस लवकर बिघडतो, त्यामुळे नवीन आठवण घडत नाही आणि जुन्या बराच काळ टिकतात. आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उडाला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं हे म्हातारपणी ताप न येताही थेट डोक्यावर दिसतं.

जाताना लिहून न्या: कधीपासून, नेमकं काय घडलं, दोन-तीन प्रसंग. डॉक्टर तीन शब्द सांगतील, मध्ये दुसरं काही करायला लावतील आणि मग ते शब्द विचारतील. वारंवार वजाबाकी करायला सांगतील, घड्याळ काढायला लावतील. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हे अन्यायाचं होतं, म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी चाचणीचं हिंदी रूप केलं गेलं. त्यात शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन-तीन वजा करायचे, आणि लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याने मिटले की आपण मिटायचे. तुमच्या आजींना तारीख सांगता आली नाही पण काल एकादशी झाली हे बरोबर सांगितलं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरात साठी ओलांडलेलं कोणी असेल तर या महिन्यात कान, डोळे, रक्तदाब, साखर, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या, आणि गोळ्यांची पिशवी सोबत न्या. ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. मन खचलं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.